कॅसेटवर तुटलेला 'सिनेमा शो': मात्रा सातच येतात, मग सम का हुकते?

मिरजेचा औषधवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न तालाचा आहे, पण आधी एका कॅसेटची गोष्ट सांगावी लागेल. घाई असेल त्यांनी सरळ शेवटच्या परिच्छेदावर उडी मारावी.

साल १९९४. मी कराडला फार्मसीला होतो. माझा खोलीतला जोडीदार (नाव लिहीत नाही, तो इथे वाचत असतो) दिवाळीला दादरला मामाकडे गेला आणि येताना माझ्यासाठी ९० मिनिटांची कॅसेट भरून घेऊन आला. मामाकडे सीडी प्लेअर होता. आमच्या लेखी तेव्हा ते दारात हेलिकॉप्टर असण्यासारखं. काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून मामानं आणलेली सीडी, जेनेसिस नावाच्या इंग्लिश बँडचा १९७३ चा अल्बम, 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड'. "हे ऐक, मग आपण बोलू," एवढंच म्हणाला.

माझं घर मिरजेत, तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीपासून चालत दोन मिनिटं. तंबोऱ्याचे भोपळे वाळत घातलेले बघत शाळेत जायचो. तबल्याच्या परीक्षा दिल्या, मध्यमा प्रथमनंतर सोडला. असल्या माणसाच्या हातात ही कॅसेट. दोनदा लावली. पहिल्या गाण्यात सुरुवातीला एकटा माणूस कसल्याही साथीशिवाय गातो, तेवढं आवडलं. मग गिटार, ऑर्गन, ड्रम सगळे एकदम अंगावर आले आणि मी बंद केलं. त्यानं विचारलं तेव्हा म्हणालो, "भारी आहे रे." सपशेल खोटं.

आता गंमत ऐका. अल्बम जवळपास ५४ मिनिटांचा, कॅसेटची एक बाजू ४५ ची. ह्या बाबानं टेप चालू केला आणि उठून गेला. त्यामुळे ए बाजू संपते तेव्हा 'द सिनेमा शो' हे गाणं नुकतं कुठे चार मिनिटं झालेलं असतं. मधेच खट्. उरलेलं गाणं गेलं हवेत. बी बाजू रिकामी राहू नये म्हणून तिच्यावर त्यानं मामांकडचीच कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं भरली.

ती बी बाजू मी झिजवली. पण माझ्या टेपचं रिवाइंड बिघडलेलं, फक्त फॉरवर्ड चालायचं. पहिलं भजन परत ऐकायचं तर कॅसेट काढायची, उलटी घालायची, ए बाजू शेवटपर्यंत पळवायची, पुन्हा पलटायची. ज्यांनी हे केलंय त्यांना कळेल. आणि पळवायचा कंटाळा आला की तशीच वाजू द्यायची. म्हणजे मला ऐकू काय यायचं? 'सिनेमा शो'ची पहिली चार मिनिटं. बारा तारांच्या गिटारी, एकीत एक गुंतलेल्या, आणि वर तो मऊ आवाज. शेकडो वेळा. लक्ष देऊन एकदाही नाही. तरी पाठ झाली, शेजारच्या घरातलं भांडण पाठ होतं तशी. आणि पुढे खट्. माझ्यासाठी त्या गाण्याचा शेवट म्हणजे खट्.

२०२३. लेकीचा लंडनला पदवीदान समारंभ होता म्हणून आम्ही दोघं गेलो. हा मित्र लाउटनला राहतो, लंडनच्या ईशान्य कडेला, एपिंग फॉरेस्टला अगदी चिकटून. एका संध्याकाळी म्हणाला, "चला, टेस्कोतून दूध आणू." गाडी घातली जंगलातल्या रस्त्याला आणि लावलं 'द बॅटल ऑफ एपिंग फॉरेस्ट', त्याच अल्बममधलं. पूर्व लंडनच्या टोळ्या हप्तेवसुलीच्या हद्दीवरून ह्याच जंगलात मारामारी करायला येतात, असं गाणं. बँडचा गायक पीटर गॅब्रिएल, त्यानं पेपरातल्या बातमीवरून रचलेलं. बारा मिनिटं माणूस वेगवेगळे आवाज काढून बोलतोय. मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "हा गातोय का पंचनामा वाचतोय?"

मग एक छोटी गिटारची चीज झाली आणि बारा तारा सुरू झाल्या. मी ताठ बसलो. म्हटलं, अरे, हे माझं आहे! मित्र नुसता हसला. चार मिनिटं झाली आणि माझं अंग आपोआप खट् ऐकायला तयार झालं. खट् झालंच नाही. गाणं पुढे गेलं. थोडं निवळलं, गुणगुणत राहिलं, आणि सहाव्या मिनिटाच्या आसपास खालून एक चाल उठली आणि की-बोर्ड सुटला तो चार-साडेचार मिनिटं थांबेचना. एकोणतीस वर्षं मी त्या दाराच्या उंबऱ्यावरून परत फिरत होतो. मग चाल मंद झाली, अल्बमचे पहिले सूर परत आले, आणि तो गाणारा शेवटी सुपरमार्केटांच्या नावांवर कोट्या करायला लागला: टेस्को, सेफवे, फाइन फेअर. तेव्हा गाडी टेस्कोच्या पार्किंगमध्ये शिरत होती. योगायोग म्हणा किंवा त्यानं घडवून आणलं म्हणा. मी तिथेच कबूल केलं की ९४ साली खोटं बोललो होतो.

तर प्रश्न. आता रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढलं की हेडफोन लावून तेवढा तुकडा ऐकतो. काउंटरवर बोटांनी मोजतो. सात मात्रा येतात, नक्की. म्हणून रूपक, आपला सात मात्रांचा ताल, धरला. पण दोन-तीन आवर्तनांत सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, माझ्या हातातून निसटते, जणू कोणीतरी मुद्दाम सरकवून ठेवतंय. हे रूपकच आहे का? की मधेच माप बदलतं? आणि दुसरं: ह्यानंतर काय ऐकू? एकच नाव सांगा. वीस नावांची यादी दिलीत तर मी पुन्हा कुमारांकडे जाईन.

रात्रपाळी

पिंक फ्लॉइडचं 'मनी' ऐका. तेपण सातात आहे आणि वेगही कमी, बोटांना जमेल. मोबाइलवरून लिहितोय, बाकीचं उद्या.

तिरकिट

औषधवाले साहेब, मोजणं तुमचं बरोबर. औषध चुकीचं काढलंत.

रूपक सातांचा खरा, पण जगावेगळा ताल आहे तो. त्याची समच खाली, म्हणजे बिनवजनाची. ती ती ना, धी ना, धी ना. पहिल्या मात्रेला डग्गा गप्प, वजन पडतं चौथीवर आणि सहावीवर. तुमच्या कानात लहानपणापासून बसलंय की सातात भरीव ठोका आला म्हणजे चौथी मात्रा आली. इंग्रजी संगीतात मापाचा पहिला ठोका हाच वजनदार. त्यांची एक वाजते, तुमच्या डोक्यात चार वाजतात, आणि मग तुम्ही तीन मात्रा सरकलेल्या समेमागे धावत बसता. माप कोणी सरकवत नाहीये, तुम्हीच सरकताय.

तीव्रा धरून बघा. पखवाजाचा, ध्रुपदातला. धा दीं ता, तिट कत, गदी गन. सातच मात्रा, पण खाली कुठे नाहीच, सम ठणठणीत. आतली तीन-दोन-दोनची वाटणी ह्या गाण्याशी तंतोतंत जुळवायला जाऊ नका, ती जुळवाजुळव नंतर. आधी फक्त समेचं वजन अंगात येऊ दे. हातानं मोजू नका, पायानं मोजा. बोटं फार हुशार असतात, ती रूपकच वाजवणार.

आणखी एक. तुम्ही बहुतेक की-बोर्ड ऐकत मोजताय. तिथेच फसगत आहे. की-बोर्डवाल्या टोनी बँक्सची वाक्यं मापाच्या कडेवर संपत नाहीत, वरून वाहत पुढच्या मापात जातात. गवयानं आवर्तन ओलांडून तान घेतली तर आपण तानेवर मोजतो का? ठेक्यावर मोजतो. इथे खाली माइक रदरफोर्ड गिटारवर जे घोळवून घोळवून वाजवतोय तो तुमचा लहरा. स्वतंत्र तबलावादनाला पेटीवाला देतो तोच. लहरा धरलात की वर बँक्सनं काय वाट्टेल ते करू दे, तुम्ही पडणार नाही.

हा सगळा भाग मुळात तिघांचा. बँक्स, रदरफोर्ड आणि ड्रमवर फिल कॉलिन्स. पुढे १९७५ ला गॅब्रिएल गेला, १९७७ ला गिटारवाला हॅकेट गेला आणि बँडमध्ये हेच तिघं उरले. मला तर तो तुकडा ऐकताना कायम वाटतं की ही मंडळी इथेच एकमेकांची परीक्षा घेऊन मोकळी झालीत.

कॉलिन्सची एक गोष्ट सांगतो, माझ्या शिष्यांना दर वर्षी सांगतो. १९७० मध्ये बँडला ड्रमवाला हवा होता. निवड गॅब्रिएलच्या आईवडिलांच्या घरी. हा लवकर पोचला. त्याला म्हणाले, तुझा नंबर यायचाय, तोवर पोहून घे. हा तलावात डुंबत राहिला आणि आधीच्या वादकांचं सगळं कानावर पडत राहिलं. स्वतःची पाळी येईतो काय वाजवायचं ते पाठ. माझ्याकडे पोरं उशिरा येतात आणि मोबाइल बघत बसतात.

मिरजेचा औषधवाला

थांबा थांबा. फिल कॉलिन्स म्हणजे तो 'अनदर डे इन पॅरडाइज'वाला? केस गेलेला, गरिबांवर गाणं म्हणणारा? त्याची गाणी तर आमच्या गॅदरिंगमध्येही वाजायची. हा असा ड्रम वाजवायचा?

तीव्रा लावून बघतो. पायाचं मात्र कठीण, काउंटरखाली खोकी आहेत.

कडू कारलं

सगळे भारावलेले दिसताहेत म्हणून एक वेगळं मत. मला हा अख्खा प्रकार म्हणजे हुशार पोरांनी हुशार पोरांसाठी केलेली कसरत वाटतो. गॅब्रिएल, बँक्स, रदरफोर्ड तिघंही चार्टरहाउसचे, म्हणजे बक्कळ फी घेणाऱ्या निवासी शाळेतले. तिथून निघालेली मुलं गुंडांच्या मारामारीवर बारा मिनिटांचं गाणं लिहितात आणि प्रत्येक गुंडाला मजेशीर नाव देतात. तुमच्या सौ. बरोबर बोलल्या, पंचनामाच तो. १९७६ मध्ये पंकवाले आले आणि तीन सुरांत, तीन मिनिटांत काम संपवायला लागले, त्याचं कारण हेच होतं. सात मात्रा, तेरा मात्रा, पंधरा मात्रा. कशाला? सिद्ध काय करायचंय?

मी स्वतः हे विशीत खूप ऐकलंय, तेव्हा अडाणी म्हणून काढू नका.

मिरजेचा औषधवाला

कारलं, एपिंग फॉरेस्टच्या बाबतीत हात मिळवा. मी ते ओलांडूनच पुढे जातो. शब्द इतके की वाद्यांना श्वास घ्यायला जागा नाही, आणि वाद्यंही काही गप्प बसत नाहीत.

पण कसरत म्हणाल तर मान्य नाही. बारा तारांची ती चार मिनिटं मी लक्ष न देता ऐकली होती. कसरत लक्ष न देता कानात मुरत नाही हो. दोन मिनिटांत कंटाळा येतो तिचा.

नावाबद्दल एक सांगायचं राहिलं. 'बाय द पाउंड' म्हणजे चलनातला पाउंडही आणि वजनातला पाउंडही. आमच्या आजोबांच्या बोलण्यात वजनाच्या पाउंडाला रत्तल हा शब्द होता. "दोन रत्तल साखर." म्हणजे इंग्लंड रत्तलाच्या भावानं विकायला काढलंय, किराणा दुकानात. मित्र सांगतो की हे शब्द मुळात मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यातले, गॅब्रिएलनं उचलले. मी दुकानदार माणूस, मला ते सुपरमार्केटच्या कोट्यांपेक्षा ह्या रत्तलात जास्त कळलं. त्या तिघांतली सेफवेची दुकानं २००४ मध्ये मॉरिसन्सनं विकत घेतली आणि फाइन फेअर तर त्याच्याही कितीतरी आधी संपलं. गाण्यात अजून उघडी आहेत. आमच्या पेठेतली तीन मेडिकलं गेल्या पाच वर्षांत बंद झाली, त्यांच्यावर कोणी कोटीही केली नाही.

मडगावची पियानोवाली

उशिरा आले. मी मुलांना पियानोच्या परीक्षांसाठी शिकवते, सोळा वर्षं चर्चच्या क्वायरला ऑर्गन वाजवलाय. दादांनी कॅसेटचं लिहिलंय ते वाचून राहवलं नाही.

तुम्ही फितीवर तुटलेलं गाणं ऐकत होतात ना, त्या अल्बममध्येच एक फितीचं वाद्य आहे. मेलोट्रॉन. दिसायला छोट्या ऑर्गनसारखं, पण प्रत्येक पट्टीच्या मागे एक स्वतंत्र चुंबकीय फीत. पट्टी दाबली की फीत सरकते आणि तिच्यावर आधी रेकॉर्ड केलेलं व्हायोलिन किंवा गाणाऱ्यांचा समूह वाजतो. फीत आठेक सेकंदांची. मग संपते. बोट उचलायचं, फीत स्प्रिंगनं मागे जाते, पुन्हा दाबायचं. म्हणजे तुमचं खट् तिथेही आहे, वादक फक्त ते लपवतो. पहिल्याच गाण्यात मागून क्वायर येतो तो कोणी गात नाहीये, ती बँक्सची बोटं आहेत. मी हे पहिल्यांदा कळलं तेव्हा थोडी नाराज झाले होते, नंतर मात्र हेवा वाटला. आमच्या क्वायरला इतकं वेळेवर कधी यायला जमलं नाही.

आणि कारलं यांनी तेरा-पंधराचा उल्लेख केलाय तो ह्याच अल्बममधल्या 'फर्थ ऑफ फिफ्थ'च्या सुरुवातीच्या पियानोचा असणार. त्यावर माझं थोडं भांडण आहे. कागदावर बघितलं तर खरंच तेरा सोळांश, पंधरा सोळांश अशी मापं येतात. पण वाजवताना ती गणितं बोटांना जाणवत नाहीत. ओहोटीच्या वेळी खाडीतलं पाणी कधी लांब पसरतं, कधी आखडतं, तसा उजवा हात चालतो. नावही खाडीचंच आहे. एडिनबराजवळ फर्थ ऑफ फोर्थ ही खाडी, तिच्यावरचा १८९० चा तांबडा रेल्वेपूल तुम्ही चित्रात बघितला असेल. फोर्थ नदीच्या नावात चौथा ऐकू येतो म्हणून ह्यांनी पाचवा केला. शाळकरी विनोद आहे, पण पियानो शाळकरी नाही. माझा एक विद्यार्थी आठव्या ग्रेडचा तुकडा सहज वाजवायचा, ह्या पहिल्या मिनिटाला तीन महिने अडकला. बँक्ससुद्धा तेव्हा मैफलीत ही सुरुवात गाळून टाकायचे, कारण स्टेजवरच्या इलेक्ट्रिक पियानोवर ती उठायची नाही.

ह्याच गाण्यात पुढे एक गोष्ट ऐका, तुम्हाला रागदारीची सवय आहे म्हणून मुद्दाम सांगते. मधे गॅब्रिएल बासरीवर एक छोटी ओळ वाजवतो. अगदी साधी, थोडी उदास. मग बराच वेळ ती ओळ नाहीशी होते. पियानोची सुरुवात नव्या रूपात येऊन जाते. आणि नंतर स्टीव्ह हॅकेट तीच बासरीची ओळ गिटारवर घेतो आणि दोन-अडीच मिनिटं तिची बढत करतो. घाई नाही. एक सूर लावला की धरून ठेवतो, कंप देत. मला वाटतं तुमची पहिली चार मिनिटं झाली असतील तर आता हीच जागा धरा.

गॅब्रिएल पहिलं गाणं स्टेजवर ब्रिटानियाचं, म्हणजे ब्रिटनच्या देवीरूपाचं, सोंग घेऊन गायचा, शिरस्त्राण वगैरे घालून. आमच्याकडे दशावतारात रात्री संकासुर बघितलेल्या माणसाला ह्यात नवल वाटायचं कारण नाही. इंग्रज समीक्षकांनी मात्र त्यावर किती शाई खर्च केली!

एकच नाव हवंय ना? कॅमल नावाच्या बँडचा 'द स्नो गूझ', १९७५. शब्द जवळजवळ नाहीतच. एपिंगचा त्रास होणार नाही.

तिरकिट

बाईंशी असहमत. 'स्नो गूझ' गोड आहे, पण ह्यांना सातात हात घालायचाय. 'फॉक्सट्रॉट' घ्या, जेनेसिसचाच, १९७२. त्यातलं 'सपर्स रेडी' २३ मिनिटांचं, आणि शेवटाकडे नऊ आठांशाचा तुकडा. सात पचले की नऊ.

जाता जाता: तुम्ही गॅब्रिएलला आधी ऐकलेलं असण्याची दाट शक्यता आहे, नकळत. नुसरत फतेह अली खाँसाहेबांचं 'मस्त मस्त', १९९० चं, ते गॅब्रिएलनंच काढलेल्या रिअल वर्ल्ड कंपनीचं. ती कॅसेट तर तुमच्या वयाच्या प्रत्येक शास्त्रीयवाल्याकडे होती.

मिरजेचा औषधवाला

होती. कपाटात आहे अजून. मागचं बारीक अक्षर कोण वाचतं.

आता निकाल सांगतो. तीन रात्री तीव्र्यावर घालवल्या. पहिल्या रात्री बोटांनी रूपकच वाजवला, तिरकिट म्हणाले तसंच. दुसऱ्या रात्री स्टुलावर बसून खोक्यांवर टाच आपटत होतो तर एक गिऱ्हाईक अर्ध्या शटरखालून वाकून विचारतं, "काका, पाय दुखतोय का? मलम कुठलं लावता?" त्याला पॅरासिटामॉल हवी होती.

तिसऱ्या रात्री की-बोर्डकडे पाठच फिरवली. म्हणजे मनातल्या मनात. नुसता रदरफोर्डचा लहरा धरून बसलो. धा, धा, धा, एवढंच पहिल्या मात्रेला म्हणत राहिलो, मधलं सगळं सोडून दिलं. आणि साधारण वीस आवर्तनं पडलो नाही. वर काय चाललंय ते ऐकू येत होतं, पण लांबून, खिडकीतून वरात जाताना ऐकू येते तसं. मग हळूच वर लक्ष दिलं, आणि पडलो. पण आता कुठे पडतो ते तरी कळतं: की-बोर्ड वरच्या पट्टीत चढतो तिथे. मला त्याच्यामागे जायचा मोह होतो.

'फर्थ ऑफ फिफ्थ'ची बासरी सापडली बाई. ती इतकी लहान आहे की ९४ साली ऐकली असूनही गिटारवाला पुढे तेच सांगतोय हे कळलंच नव्हतं. काल दोनदा ऐकलं. गिटार सुरू झाली तेव्हा दुकानात दिवा बंद केला.

आणि ते 'आय नो व्हॉट आय लाइक', त्याच अल्बममधलं. ह्याच्या श्रेयनामावलीत रदरफोर्डच्या नावापुढे इलेक्ट्रिक सितार लिहिलीय. मिरजेत ज्यांनी सात पिढ्या सितारी केल्या त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराला मोबाइलवर ऐकवलं. त्यानं डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाला, "जवारी नीट काढलेली नाही." (घोडी घासून तारेला आणलेला झणकार, ती जवारी.) झालं. १९७३ चा अल्बम, इंग्लंडात तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलेला, एका वाक्यात निकाली.

नाव एकच मागितलं होतं, दोन आली. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "ज्यात तो बोलत नाही ते घे." तेव्हा 'स्नो गूझ'. तिरकिट, माफी असावी. नऊ आठांश पावसाळ्यात.

जंगलातला वेताळ

मीच तो. खातं काढावं लागलं ह्याच्यासाठी.

मित्रा, तीन गोष्टी. एक, टेस्कोचा योगायोग नव्हता. राउंडअबाउटला मी दोन जादा फेऱ्या मारल्या, वहिनींच्या लक्षात आलं होतं आणि त्यांनी आरशातून मला बघितलंही होतं. त्या काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

दोन, मी टेप चालू करून "उठून गेलो" असं लिहिलंयस. दिवाळीचा दुसरा दिवस होता. मामीनं फराळाला हाक मारली. तुला मामीचा चिवडा माहीत नाही. शिवाय ६० मिनिटांची कॅसेट घेतली असती तर मूळ रेकॉर्डची पहिली बाजू २५ मिनिटांची, दुसरी २८ ची, दोन्ही बरोबर बसल्या असत्या. पण मग तुला कुमार मिळाले नसते. त्याबद्दल एकदाही आभार मानलेले आठवत नाहीत.

तीन, तू ९४ ला खोटं बोललास हे मला लवकरच कळलं होतं. तू म्हणालास "शेवट तर भारीच". मला तोवर माहीत नव्हतं की कॅसेटला शेवटच नाही. पुढच्या सुट्टीत मामाकडे ऐकताना लक्षात आलं. म्हटलं, बघू किती दिवस धरतो.

इथे हॅकेटनं २०१९ मध्ये हा अख्खा अल्बम हॅमरस्मिथला वाजवला तेव्हा मी गेलो होतो. 'सिनेमा शो'ला तुझी आठवण काढली. चार मिनिटांनी खट् म्हणालोसुद्धा, शेजारचा गोरा बघायला लागला.

मिरजेचा औषधवाला

वेताळा, मामीच्या चिवड्याला दंडवत.

आज दुपारी माळ्यावरची पेटी काढली. कॅसेट सापडली. फीत थोडी बाहेर आलीय, पेन्सिल घालून आत घेतली. वाजवायला यंत्र नाही, बघतोय कोणाकडे आहे का. बी बाजूच्या पट्टीवर तुझ्या अक्षरात "कुमार" लिहिलंय. ए बाजूवर निळ्या शाईत, खाली रेघ मारून, "जेनेसिस (पूर्ण)".

पूर्ण!